खेचराचा दाखला आता पुरे

टेकडीवाला: सोसायटीच्या ग्रुपवर एका निवृत्त मास्तरांनी ठोकून दिलंय की दोन प्रजातींचं पिल्लू वांझच निघणार, "खेचर बघा". अहो, घोड्याची गुणसूत्रं ६४, गाढवाची ६२, खेचराला येतात ६३, जोड्याच नीट लागत नाहीत म्हणून तिथे गाडी अडते. लांडगा, कुत्रा, कोल्हा तिघांचीही ७८, म्हणजे त्यांच्या संकरात जोड्या लागतात, पिल्लं होऊ शकतात. आणि कोलकात्याच्या अलीपूर झूमधली रुद्राणी? बाप वाघ, आई सिंहीण, तरी तिला सिंहापासून पिल्लं झालीच की.

जुना_पेठकर: झूमधलं सांगू नका, कोंडून ठेवल्यावर काय वाट्टेल ते होतं. रानातलं दाखवा. आणि कुत्रा म्हणजे पाळलेला लांडगाच असं कित्येक शास्त्रज्ञ धरतात, मग ते उदाहरण मोजायचं कशाला?

टेकडीवाला: घ्या रानातलं. कॅनडात २००६ ला मारलेलं अस्वल डीएनएत अर्धं ध्रुवीय अर्धं ग्रिझली (तपकिरी अस्वल) निघालं. २०१० ला आणखी एक मिळालं, त्याची तर आईच संकरित. वांझ असती तर हे आलं कुठून, कुरियरनं?

सुपेकर: तुमची अस्वलं राहूद्या. आमच्या माळावर लांडग्यांच्या टोळीत एक पिवळट जनावर फिरायचं, शेपूट गावठी कुत्र्यासारखी वर वळलेली. आज्जा बघताच म्हणला, ह्यो आपल्यातला न्हाई नि त्यांच्यातलाबी न्हाई. पुढं २०२३ ला पुणे भागातल्या लांडगा-कुत्रा संकराचा डीएनए पुरावा छापून आला. कुत्री वाढवलीत तुम्ही शहरवाल्यांनी, बिस्किटं टाकून.

भुभूची_ताई: झालं, आलं आमच्यावरच! मी नऊ कुत्र्यांची नसबंदी स्वतःच्या पैशानं केलीय, रिक्षानं नेऊन, एकानं मांडीवर ओकून ठेवलं. तुम्ही किती केल्या?

सुपेकर: माझी अकरा मेंढरं फाडली कुत्र्यांनी, नाव लागलं लांडग्याचं. पंचनामा करणाऱ्याला ठशातला फरक कळंना. त्याचं बोला.

भुभूची_ताई: मग त्याच्याशी भांडा ना, माझ्या बिस्किटांशी काय भांडताय! कोथरूडची कुत्री सुप्याला चालत जातात का?

जुना_पेठकर: मूळ प्रश्न गेला खड्ड्यात. असो, शोधून पाहिलं. वाघ-सिंहाच्या संकरात मादीला पिल्लं होतात, नर वांझच. म्हणजे मास्तर अर्धे बरोबर.

टेकडीवाला: अर्धे, मान्य. पण ते ग्रुपवर तुम्हीच टाका, मला ॲडमिननं दुपारीच काढलंय.