मदत हवी आहे: क्रेटर लेकच्या खडकांच्या वयावरून पुढचा धोका कसा ठरवतात?

नमस्कार मंडळी,

मी सोलापुरात अकरावी-बारावीला भूगोल शिकवतो. ज्वालामुखीच्या पाठात अमेरिकेतल्या ओरेगॉनमधल्या क्रेटर लेकचं उदाहरण घेतलं. माझामा पर्वत सुमारे 7,700 वर्षांपूर्वी फुटला, माथा आत कोसळला आणि त्या खळग्यात 594 मीटर खोल सरोवर झालं. तिथला सर्वांत अलीकडचा ज्ञात उद्रेक सुमारे 4,800 वर्षांपूर्वीचा, तोही पाण्याखाली. एका विद्यार्थिनीने लगेच वजाबाकी मांडली: मधलं अंतर 2,900 वर्षं, म्हणजे पुढचा उद्रेक 1,900 वर्षांपूर्वीच व्हायला हवा होता. तो का नाही झाला? दोन उद्रेकांवरून सरासरी काढता येत नाही, एवढं मी सांगितलं. पण मग शास्त्रज्ञ करतात काय, हे तिला नीट सांगायचंय.

माझं अडतंय ते वयमापनापाशी. आपल्या खाणीतला काळा दगड (बसाल्ट) सुमारे 6.6 कोटी वर्षांचा. खडकातल्या पोटॅशियम-40 पासून हळूहळू अर्गॉन वायू बनतो, त्यावरून वय काढतात. पोटॅशियम-40 चं अर्धायुष्य (निम्मं उरायला लागणारा काळ) 125 कोटी वर्षं, तरी एवढ्या काळात मोजण्याजोगा अर्गॉन साठतो आणि दहा-वीस हजार वर्षं इकडेतिकडे झाली तरी बिघडत नाही. तरुण लाव्ह्यात मात्र अर्गॉन नावालाच असतो. त्यात थिजताना आधीचा अर्गॉन अडकून राहिला, तर वय उगाच जास्त येतं. मोठ्या स्फोटाचं वय राखेत गाडलेल्या जळक्या लाकडाच्या कार्बन-14 वरून काढलंय, पण कार्बन साधारण 50 हजार वर्षांपलीकडे चालत नाही आणि माझामाचा इतिहास 4 लाख वर्षांचा. मग त्या जुन्या प्रवाहांचा क्रम कसा लावतात? जे कोसळले किंवा गाडले गेले, त्यांची गणती कशी करतात?

(लोणारही फुटेल का, असं वर्गात हमखास विचारतात. ते उल्केच्या आघाताचं विवर आहे, हे सांगून झालंय.)

प्रतिसाद

सर, एकट्या अर्गॉनवर कुणी विसंबत नाही. कोणता प्रवाह कोणावर बसलाय, हिमनदीने तो खरवडलाय का, हे आधी पाहतात. त्याहून उपयोगी पडते ती चुंबकीय दिशा. लाव्हा थंड होताना त्या वेळच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा खडकात कायम होते, आणि ती दिशा शतकागणिक सरकत असते. अर्गॉनला न उलगडणारे दोन प्रवाह दिशेवरून वेगळे काढता येतात. दिशा जुळली तर ते बहुधा एकाच उद्रेककाळातले.

गाडलेल्यांची गणती होत नाही, म्हणून हाती आलेला आकडा किमान धरायचा. विद्यार्थिनीला हेही सांगा, की माथा कोसळल्यावर पहिल्या काही शतकांतच सरोवरातलं विझार्ड बेट घडवणाऱ्या उद्रेकासकट बहुतेक उद्रेक होऊन गेले आणि 4,800 वर्षांपूर्वीचा लाव्ह्याचा घुमट एकटाच मागाहून आला. उद्रेक असे झुंडीने येतात, त्यामुळे ‘वेळ टळली’ असं म्हणता येत नाही. दीर्घ काळातल्या उद्रेकांवरून फक्त शक्यता काढतात. आणि वयाइतकंच महत्त्व जागेला आहे. माथा कोसळल्यानंतरची मुखं सरोवराच्या खळग्यातच आहेत. उथळ पाण्यात मॅग्मा वर आला, तर वाफेमुळे स्फोट फार जोराचा होतो. खोल पाण्याच्या दाबाखाली तो दबतो.

मूळ धागाकर्ता

मनापासून आभार. झुंडीचा मुद्दा उद्याच वर्गात घेतो. दख्खनच्या बऱ्याच प्रवाहांत चुंबकीय दिशा आजच्या उलट आहे, तेव्हा तेही मुलांना दाखवावं म्हणतो. खाणीतून दगड काढण्याआधी त्याच्यावर उत्तर दिशा आणि वरची बाजू यांच्या खुणा कशा करतात? साध्या होकायंत्राने भागेल, की बसाल्टच सुई ओढून घेईल?