शब्दचर्चा : खेळातल्या बिननावाच्या पात्रांना ‘खुर्दा’ म्हणावं का?

टेबलाभोवती बसून, फासे टाकत खेळायच्या फॅन्टसी रोलप्लेइंग गेममध्ये फाटकावरचे पहारेकरी, सरदाराच्या मागून धावत येणारे भालेकरी, जंगलातली गॉब्लिनांची टोळी अशी पात्रं समोर येतात आणि दहा-पंधरा मिनिटांत मरून पडतात. त्यांना नाव नसतं. इंग्रजीतून खेळणारे त्यांना मिनियन, मूक, एक्स्ट्रा असं काय काय म्हणतात. मी खेळ मराठीतून चालवतो आणि दर वेळी याच जागी अडतो.

‘प्यादं’ वापरून पाहिलं. पण बुद्धिबळातल्या प्याद्याला स्वतःचं घर असतं आणि पलीकडच्या टोकाला पोचलं तर त्याचा वजीर होतो. इतकी आशा या पात्रांच्या वाट्याला येत नाही. ‘खोगीरभरती’ म्हणजे खोगिरात कोंबायच्या चिंध्या, म्हणजे नुसती संख्या वाढवणारी निरुपयोगी माणसं. आपली पात्रं निरुपयोगी मुळीच नाहीत, त्यांच्यावाचून लढाई उभीच राहत नाही. ‘बुणगे’ लष्कराबरोबर चालतात, लढत नाहीत. नायकांनी पगारावर घेतलेल्या मशालजी-हमालांना तो शब्द चालेल, शत्रूच्या शिपायांना नाही. ‘सोम्यागोम्या’त बोलणाऱ्याची तुच्छता फार येते.

मग पानिपतानंतरचा, १७६१ चा तो सांकेतिक निरोप आठवला. दोन मोती गळाले, मोहरा हरवल्या आणि खुर्दा किती गेला त्याची गणती नाही. मोती म्हणजे भाऊसाहेब आणि विश्वासराव, मोहरा म्हणजे नावाजलेले सरदार. बाकी सगळे खुर्दा, म्हणजे सुटी नाणी, मोड. नाव नसलेला माणूस आणि गणतीत नसलेला माणूस एकच, हे एका शब्दात सांगितलेलं मला दुसरीकडे कुठे सापडलं नाही. शिवाय ‘खुर्दा उडवणे’ हे क्रियापदही तयार मिळतं. कसा वाटतो शब्द?

प्रतिसाद

शब्द आवडला, आणि खेळाच्या इतिहासाशीही जुळतो. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ १९७४ मध्ये आला, पण त्याची मुळं ‘चेनमेल’ या १९७१ च्या युद्धखेळात आहेत. तिथे मोठ्या लढाईत पटावरची एक बाहुली म्हणजे वीस माणसं. नायक मात्र एकटा चार माणसांच्या बरोबरीचा धरत. म्हणजे माणूस हे सुरुवातीपासून नायकाला मोजायचं माप होतं, खरोखरच सुटं नाणं. १९७८ च्या नियमपुस्तकात तर अगदी दुबळ्या शत्रूंसमोर लढवय्या जितक्या पातळीचा, तितके वार एका फेरीत करू शकतो.

पण ती पात्रं स्वस्त का ठरतात, याचं खरं उत्तर मला टेबलावर दिसतं. प्रत्येक खेळाडू एकेक पात्र सांभाळतो. गेम मास्टर, म्हणजे खेळ चालवणारा, एकटा बारा गॉब्लिन सांभाळतो. बाराजणांचे हिट पॉइंट, म्हणजे किती जीव उरला त्याचे आकडे, कागदावर वजा करत बसलं की लढाईचा जीव जातो. २००८ च्या चौथ्या आवृत्तीने यावर सरळ उपाय केला. मिनियनला हिट पॉइंट एकच. वार लागला की गेला, हुकला तर काहीच नाही. पेन्सिल उचलायलाच नको. त्या पात्राच्या बाजूने बोलणारं टेबलाशी कोणी बसलेलं नसतं, म्हणून तक्रारही होत नाही.

जाता जाता, ‘मूक’ हा अमेरिकी बोलीतला शब्द, अर्थ साधारण ‘बावळट’. १९९६ च्या ‘फेंग शुई’ या खेळाने तो बिननावाच्या गुंडांसाठी रूढ केला. आपल्या ‘मूक’शी त्याचा काही संबंध नाही. पण देवनागरीत लिहिला की मला ज्याला तोंडच दिलेलं नाही असा माणूस दिसतो.

प्रतिसाद

एक अडचण. खुर्दा समूहवाचक आहे. ‘एक खुर्दा पुढे आला’ असं म्हणता येत नाही. खेळात तर ‘तिसऱ्या पहारेकऱ्यावर वार करतो’ असं सतत म्हणावं लागतं. एकवचनाचं काय करणार?

मूळ लेखक

एकवचन नाही, हाच मला त्या शब्दाचा सगळ्यात मोठा गुण वाटतो. का, ते सांगतो.

मध्यंतरी आमच्याकडे गुहेच्या तोंडाशी सहा पहारेकरी होते. माझ्या वहीत ‘खुर्दा – ६’ एवढंच लिहिलेलं. पाच पडले. मी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या १९८१ च्या नियमांतली धैर्याची चाचणी अजून वापरतो. दोन फासे टाकायचे, बेरीज त्या टोळीच्या धैर्यांकापेक्षा जास्त आली की ती टोळी कच खाते. पहिला माणूस मेला की एकदा टाकायचे, निम्मे पडले की पुन्हा. (फार कमी लोक ही चाचणी वापरतात. माझ्या मते प्रत्येकाने वापरावी. मरेपर्यंत लढणारा पगारी पहारेकरी मला कधीच पटला नाही.) त्यांचा अंक ७. पहिल्यांदा ५ आले, टिकले. निम्मे पडल्यावर ११ आले, तोवर उभा होता तो एकटाच. मी म्हटलं, त्याने भाला टाकला आणि तो गुडघ्यावर बसला.

एका खेळाडूने त्याला विचारलं, “तुझं नाव काय?”

माझ्याकडे नाव नव्हतं. तोंडाला आलं ते सांगितलं, “तोरक.” तिने लगेच पुढचं विचारलं, “आणि या पाचजणांची?” मी थांबलो. मग तोरकच्या तोंडून एकेक करत पाच नावं सांगितली. त्यातलं एक त्याच्या भावाचं निघालं, ते मलाही बोलता बोलताच कळलं. बराच वेळ कोणी फासे उचलले नाहीत. तिने ती पाच नावं आपल्या पात्राच्या कागदाच्या समासात लिहून घेतली.

नाव विचारलं गेलं तेव्हा तोरक खुर्द्यातून बाहेर पडला. त्यानंतर त्याला एकवचनी जातिवाचक शब्द लावायची गरजच उरली नाही. तोवर ‘तिसरा पहारेकरी’, ‘कोपऱ्यातला भालेकरी’ म्हणून काम भागतं. खुर्दा हा वहीतला शब्द राहू दे. समोरच्या माणसाला तो लावू नये, आणि व्याकरण आपणहून तो लावू देत नाही.

प्रतिसाद

पटलं. मग निरोपातली मधली पायरीही घ्या. १९९९ च्या ‘सेव्हन्थ सी’मध्ये शत्रूंच्या तीन पायऱ्या आहेत. टोळीने लढणारे, त्यांच्या वरचे हस्तक आणि मुख्य खलनायक. खुर्दा, मोहरा आणि मोती सरळ बसतात. फक्त लिंग सांभाळा. निरोपातली मोहर हे नाणं, स्त्रीलिंगी, अनेकवचन ‘मोहरा’. पटावरचा मोहरा पुल्लिंगी, अनेकवचन ‘मोहरे’. सरदाराच्या उजव्या हाताला मी दुसरा घेईन : ‘त्याचा मोहरा पडला आणि खुर्दा पळाला.’