परिषद आहे, पण कोणाची?
'इमारतीचा सल्लागार चुकला तर त्याच्या परिषदेकडे तक्रार करा' असं सांगितलं जातं, ते वास्तुविशारदांपुरतं बरोबर आहे. १९७२ च्या कायद्याने त्यांची परिषद झाली आणि ती गैरवर्तनासाठी नोंदणीकृत वास्तुविशारदाला निलंबितही करू शकते. इमारतीची मजबुती तपासणाऱ्या स्ट्रक्चरल इंजिनिअरवर मात्र देशपातळीवर अशी वैधानिक परिषदच नाही. त्यांच्या संस्था ऐच्छिक आहेत. मुंबईत ३० वर्षांवरच्या इमारतींचं मजबुतीचं ऑडिट सक्तीचं, आणि ते करतात हेच लोक!

आमच्या सोसायटीत अशाच एका इंजिनिअरने एकाही कॉलमची चाचणी न घेता इमारत धोकादायक ठरवली. दुसऱ्याने रिबाउंड हॅमर (काँक्रीटचा टणकपणा मोजणारा हातोडा), कार्बोनेशन (हवेतल्या कार्बन डायऑक्साइडचा काँक्रीटवर झालेला परिणाम) सगळं तपासलं, तर दुरुस्तीवर भागलं. पहिल्याच्या संस्थेकडे गेलो तेव्हा उत्तर मिळालं, 'फार तर सभासदत्व काढू.' म्हातारी माणसं महिनाभर झोपली नव्हती हो.