फोंड्याचा मुलगा ऑक्टोबरात ड्रेस्डेनला येतोय

प्रेषक: एक आई, फोंडा

जर्मनीतल्या मराठी मंडळाच्या सर्व सभासदांना नमस्कार.

माझा मुलगा यंदा फर्मागुढीच्या इंजिनिअरिंग कॉलेजातून बाहेर पडला. ड्रेस्डेनच्या तांत्रिक विद्यापीठात मास्टर्सला प्रवेश मिळालाय. एपीएसचं, म्हणजे इथली पदवी तपासल्याचं सर्टिफिकेट आलं, ब्लॉक्ड अकाउंटमध्ये (वर्षाच्या खर्चाचे पैसे आधीच अडकवून ठेवायचं खातं) 11,904 युरो भरून झाले (त्यासाठी काय काय मोडलं ते इथं लिहीत नाही), आता व्हिसाची वाट बघतोय. चवथ झाली की सप्टेंबरअखेर निघेल.

मुलगा अबोल आहे. काही विचारलं की "होईल गे सगळं" एवढंच. म्हणून मीच विचारते. तिथं मराठी मुलांच्या घरात एखादी खोली मिळेल का? जेवणाची आणि सोबतीची, दोन्ही काळज्या मिटतील. बॅगेत काय द्यावं? आणि शेजारी सांगतात की आजोबांच्या जन्मदाखल्यावर पोर्तुगीज पासपोर्ट काढा, व्हिसाची कटकटच राहणार नाही. यात कितपत तथ्य आहे?

---

प्रेषक: एक विद्यार्थी, ड्रेस्डेन (मूळचा साखळीचा)

काकू, नमस्कार.

खोलीचं बघू, पण आधी एक सांगतो. फोटो पाठवून "आधी डिपॉझिट भरा, मग किल्ली कुरिअरने येईल" असं कुणी म्हणालं तर एक पैसाही पाठवू नका. आपली मुलं तिकडे बसून घाबरलेली असतात, ते या लोकांना बरोबर ठाऊक असतं. कायद्याने डिपॉझिट मूळ भाड्याच्या तिपटीहून जास्त घेता येत नाही. विद्यार्थी हॉस्टेलचा अर्ज अजून केला नसेल तर आज रात्रीच करायला सांगा, रांग मोठी असते.

राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत आनमेल्डुंग, म्हणजे पालिकेत पत्त्याची नोंद. त्यासाठी घरमालकाचं सहीचं पत्र लागतं, म्हणून "इथं नोंदणी करता येईल ना?" हे खोली ठरवतानाच विचारायचं. बँक, टॅक्स नंबर, राहण्याचा परवाना, सगळं त्या कागदाला लटकलेलं आहे. आणि टपालपेटीवर स्वतःचं आडनाव त्याच दिवशी चिकटवायचं. नाव नसेल तर पोस्टमन पत्र टाकत नाही, आणि इथं सगळं पत्रानेच येतं. काही आठवड्यांनी रेडिओ-टीव्हीच्या वर्गणीचं पत्र येईल, घरामागे महिन्याला 18.36 युरो. "आमच्याकडे टीव्हीच नाही" हे उत्तर चालत नाही. तिघं एकत्र राहत असतील तर एकानेच भरायचं.

पैशांचा हिशेब असा: ब्लॉक्ड अकाउंटमधून महिन्याला 992 युरो सुटतात, त्यातले साधारण दीडशे आरोग्य विम्यात जातात. उरल्यात भाडं आणि जेवण. मेन्सात, म्हणजे विद्यापीठाच्या खानावळीत, दुपारचं जेवण तीन-चार युरोत होतं. वर्षाला 140 पूर्ण किंवा 280 अर्धे दिवस काम करायची मुभा आहे, पण पहिल्या सेमिस्टरला कामाच्या भरवशावर राहू नये.

आता बॅग. तूप, पेढे, चोरीस (आपलं गोव्याचं मांसाचं सॉसेज) नको. युरोपबाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे, कस्टमवाले काढून घेतात. मानकुराद आंबा आणि कढीपत्ता सर्टिफिकेटशिवाय चालत नाही. नारळ मात्र चालतो! अननस, केळी, खजूर, डुरियन आणि नारळ एवढ्यांनाच सूट आहे. सुकी मासळीसुद्धा माणशी वीस किलोपर्यंत चालते, पण म्हणून हॉस्टेलात खारा बांगडा भाजायला घेऊ नये. धुराचा अलार्म वाजतो आणि अख्खी इमारत खाली उतरते. सोलं (कोकम) आणि तिरफळं भरपूर द्या, मला ती इथल्या दुकानात कधी दिसली नाहीत.

---

प्रेषक: मंडळाचे माजी सचिव, सध्या म्हापसा

ताई,

निवृत्त होऊन गावी परतलो तरी यादीवरून नाव काढलेलं नाही. साखळीच्या चिरंजीवांनी कागदपत्रांचं चोख लिहिलंय, त्यात भर घालत नाही.

पासपोर्टचं आधी. 19 डिसेंबर 1961 पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या पुढच्या पिढ्यांना पोर्तुगालात जन्मनोंदणी करून नागरिकत्व घेता येतं, हे खरं. युरोपीय नागरिकाला जर्मनीत व्हिसा लागत नाही, ब्लॉक्ड अकाउंटही लागत नाही. पण भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही. इथला पासपोर्ट परत करायचा आणि स्वतःच्या घरी ओसीआय कार्डावर, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांच्या कार्डावर यायचं. शिवाय नोंद आजोबांपासून वडिलांपर्यंत, मग मुलापर्यंत उतरते, म्हणजे प्रश्न एकट्या मुलाचा राहत नाही. दोन वर्षांच्या कोर्सापायी शेजाऱ्यांचं ऐकून हे करू नये.

मराठी घराचं मात्र माझं मत वेगळं आहे. पहिले काही आठवडे जरूर राहू दे. कायमचं नको. सगळे पालक पहिल्या आठवड्याची तयारी करतात. त्या आठवड्यात मुलाला काही होत नाही, ट्राम नवी, पूल नवे, रोज फोटो येतात. खरा कस नोव्हेंबरात लागतो. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं तासभर मागे जातात, डिसेंबरात ड्रेस्डेनला चार वाजता सूर्य मावळलेला असतो. रविवारी दुकानं बंद. त्याच दिवसांत आपल्याकडे जत्रा आणि दशावतारी काले सुरू होतात आणि फोनवर व्हिडिओंचा पाऊस पडतो. मंडळाची दिवाळी उरकलेली असते, "आलास का रे?" विचारणारे सगळे आपापल्या कामाला लागलेले असतात.

अभ्यासाचंही तसंच. गोवा विद्यापीठात आयएसए, म्हणजे सेमिस्टरमधली चाचणी असते, मधेच कुणीतरी गुण दाखवून जागं करतं. तिथं बहुतेक विषयांना शेवटी एकच परीक्षा, फेब्रुवारीच्या आसपास, आणि तिची नोंदणी वेगळी करावी लागते. तोवर वर्गात आलात की नाही हे सहसा कुणी विचारत नाही. ही मोकळीक अबोल मुलाला जड जाते. चार मराठी मुलं एकत्र असली की चौघंही एकमेकांच्या धीराने वर्ग चुकवतात, आणि जर्मन बोलायची गरजच उरत नाही. विद्यापीठाच्या खेळकेंद्रात स्वस्तात नावं घालता येतात. बॅडमिंटन खेळत असेल तर पहिल्याच आठवड्यात नाव घालू द्या, जागा पटापट भरतात.

आणि गुण कळवेल तेव्हा लक्षात असू द्या, तिथं 1.0 म्हणजे सर्वोत्तम आणि 5.0 म्हणजे नापास. "फक्त 1.3?" म्हणून रागावलेले एक वडील मी पाहिलेत.

---

प्रेषक: एक सभासद, लाइपझिग (माहेर पेडणे)

काका, तुमचा नोव्हेंबर शंभर टक्के खरा. पण मराठी घराविषयी नाही पटलं. एकटीच्या स्टुडिओत दोन दिवस दार उघडलं नाही तर कुणाला कळतही नाही. सामायिक स्वयंपाकघर असलं की निदान कुणीतरी विचारतं, "काय गं, दिसली नाहीस?" ते मराठीत विचारतात की जर्मनमध्ये, याने फारसा फरक पडत नाही. तेव्हा काकू, मराठी घर मिळालं नाही तरी चालेल, पण सामायिकच घर बघा. जर्मन मुलांबरोबरचं मिळालं तर काकांचंही मन राखलं जाईल.

स्टुडिएरेन्डेनवेर्क म्हणजे हॉस्टेल आणि मेन्सा चालवणारी संस्था. त्यांच्याकडे विद्यार्थ्यांसाठी समुपदेशकही असतात. त्यांच्याकडे जाण्यासाठी काहीतरी मोठं बिघडायला हवं असं नाही. आम्हाला आमच्या आईबापांनी हे कधी सांगितलं नाही, कारण त्यांनाच ठाऊक नव्हतं. तुम्ही सांगून ठेवा.

फोनचंही बोलते. हिवाळ्यात साडेचार तासांचा फरक पडतो. तुमचा सकाळी साडेसहाचा फोन म्हणजे तिथले रात्रीचे दोन. रोज "बरा आहेस ना?" विचारलं तर रोज "हो" येतं. त्याऐवजी काय रांधलं, मीठ किती पडलं, ते विचारा. माझी आई असंच विचारायची आणि तिला सगळं कळायचं.

---

प्रेषक: एक आई, फोंडा

सर्वांचे मनापासून आभार. पासपोर्टचा विषय आम्ही बंद केलाय, शेजाऱ्यांना काय सांगायचं ते मुलाचे वडील बघतील. हॉस्टेलच्या अर्जात सामायिक स्वयंपाकघराची खोली मागितली. समुपदेशकांचं मी बोलले तेव्हा नेहमीसारखं "होईल गे" न म्हणता त्याने वेबसाइट उघडून बघितली. बॅडमिंटनची रॅकेट तो नेणारच होता म्हणे, मलाच माहीत नव्हतं.

दोन नारळ सोलून तयार ठेवेन. कुकरवर मात्र आमचं एकमत होत नाही. तीन लिटरचा की पाचचा?

---

प्रेषक: एक विद्यार्थी, ड्रेस्डेन

तीन. इंडक्शनवर चालणारा तळ आहे का ते दुकानातच बघून घ्या, आणि एक जादा गॅस्केट टाका. फ्लाइटची वेळ ठरली की कळवा काकू. प्रागला उतरणार असेल तर ट्रेन आहे, बर्लिनला उतरला तर मी शनिवारी मोकळा आहे.