९९१ देऊन ९९२ घ्यायची का?

२०१२ची पोर्शे ९११ कॅरेरा एस (९९१ पिढी) देऊन पुढच्या ९९२ पिढीची कॅरेरा एस घ्यावी का, असं तुम्ही विचारलंय, आणि वर बहुतेकांनी '४००ची ताकद थेट ४५० हॉर्सपॉवर, मग विचार कसला' असं म्हटलंय. मला हा हिशेब अर्धवट वाटतो.

तुमच्या गाडीत ३.८ लिटरचं टर्बो (इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा) नसलेलं इंजिन आहे. त्याची पूर्ण ताकद मिळते ती ७४०० आरपीएमला (इंजिनाचे मिनिटाला फेरे), म्हणजे गाडी पिळावी लागते, आणि मजा तिथेच आहे. ९९२ मध्ये ३ लिटर, दोन टर्बो. ५३० न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे इंजिनाची ओढ, २३०० आरपीएमपासूनच हजर. ओव्हरटेक करताना गिअर उतरवायची गरजही फारशी पडत नाही. वेगवान? निःसंशय. पण चार-पाच हजार आरपीएमनंतर आवाज चढत जातो ना, ते सुख पातळ झालंय. (हायड्रॉलिक स्टिअरिंगचे कढ काढणाऱ्यांनी गप्प बसावं, ते ९९१ आली तेव्हाच गेलं.)

रोज चालवणार असाल तर मात्र ९९२ उजवी. पुढच्या चाकांच्या कमानीतले सेन्सर उडणाऱ्या पाण्याचा आवाज ऐकून रस्ता ओला असल्याचं सांगतात आणि वेट मोड सुचवतात. आतली सजावट वगैरे चांगलीच आहे.

घ्यायचीच ठरली तर २०२४च्या बदलाआधीची बघा. त्यात मधला आरपीएमचा काटा अजून खरा आहे, नंतर सगळा डिजिटल पडदाच. आणि पार्किंगची जागा आधी मोजा, रुंदी १८०८वरून १८५२ मिमी झालीय, तीही आरसे सोडून.