लॅपटॉपवरची गाणी स्टिरिओवर लावायचीत, पण घूंऽऽ थांबेना

सूरवेडा:
मंडळी मदत करा. घरातल्या सगळ्या सीड्या रिप करून लॅपटॉपवर टाकल्यात, फ्लॅकमध्ये (आवाजातलं काहीही न गमावणारी फाइल), वर्ष गेलं त्यात. आता त्या जुन्या अँपवर (अँप्लिफायरवर) आणि मोठ्या स्पीकरवर ऐकायच्यात. हेडफोनच्या जॅकमधून केबल काढून अँपच्या मागे लाल-पांढऱ्या पिना खोचल्या तर गाणं वाजतं पण नुसतं फाटतंय, बेस तर गदगद गदगद, आणि मागे सतत घूंऽऽ चालूच. ब्लूटूथचा रिसीव्हर घेऊन टाकू का?

खटपट्या:
थांबा, आधी मागे वाकून बघा, पिना फोनोमध्ये तर नाही ना खोचल्यात? ते रेकॉर्ड प्लेयरसाठी असतं, सुईकडून येणारा सिग्नल अगदी बारीक म्हणून तिथे तो शंभरेक पट वाढवतात आणि वर बेसही चढवतात. लॅपटॉपचा सिग्नल तिथे घातला तर फाटणारच. ऑक्स किंवा सीडी लिहिलंय तिथे लावा.

सूरवेडा:
अहो फोनोच होतं की! टॉर्च लावून बघितलं. ऑक्समध्ये लावल्यावर फाटणं बंद. पण घूं बारीक आहे अजून, आणि माउस हलवला की किरकिर येते, हे काय नवीन?

तारकुटे:
चार्जर काढून बॅटरीवर चालवून बघा. गेला आवाज तर ग्राउंड लूप, म्हणजे लॅपटॉप आणि अँपच्या अर्थिंगमधून वीज गोल फिरतेय. कोणी सांगेल प्लगची अर्थिंगची पिन काढा म्हणून, ते चुकूनही करू नका, शॉक बसेल. किरकिर लॅपटॉपच्या आतल्या साउंडकार्डची, ती यूएसबी डॅक (डिजिटल गाण्याचा अँपला चालणारा सिग्नल करणारी बाहेरची डबी) लावला की बहुतेक जाते. घूं मात्र यूएसबीच्या तारेतूनही येऊ शकतो, म्हणून ऑप्टिकल आउटपुट असलेला यूएसबी इंटरफेस घ्या आणि पुढे ऑप्टिकल इनपुटवाला डॅक, त्यातून उजेड जातो, वीज नाही, लूप तिथेच तुटतो. आणि हो, लॅपटॉपचा व्हॉल्यूम जवळजवळ फुल ठेवून कमी-जास्त अँपच्या नॉबनेच करा.

आळशी_श्रोता:
ब्लूटूथने घूं जाईल हे खरं, पण वर्षभर फ्लॅक करून मग ते पुन्हा दाबून पाठवायचं? सीडीचा डेटा सेकंदाला 1411 किलोबिट, आणि ब्लूटूथची दाबायची साधी पद्धत, एसबीसी, साधारण 328 पर्यंत. पाहुणे आल्यावर चालतं म्हणा. मी तर लॅपटॉपच बाजूला केला, अँपशेजारी एक रास्पबेरी पाय (तळहाताएवढा कॉम्प्युटर), त्याला डॅक आणि गाण्यांची हार्ड डिस्क, गाणी फोनवरून निवडतो. लॅपटॉप झोपला, गाणं मध्येच थांबलं ही भानगडच नाही. एकदाच सेटअपला अख्खा रविवार जातो.

सूरवेडा:
चार्जर काढला आणि घूं एकदम गुल!! बायको आतून विचारतेय बंद पडलं का म्हणून. किरकिर आहे अजून थोडी. आता डॅक बघतो, पायचं रविवारी. तारकुटे, ऑप्टिकलच्या केबलला एका टोकाला छोटं प्लास्टिकचं टोपण असतं ते काढायचं ना?

तारकुटे:
दोन्ही टोकांचं काढा 😄 नाहीतर उद्या परत इथेच याल, आवाजच येत नाही म्हणून.