संकल्प सांगून टाकला की उत्साह का ओसरतो?

प्रश्न: पाडव्याला मोडी लिपी शिकण्याचा संकल्प मी घरीदारी सर्वांना सांगितला, बोरू आणि दौत आणली, कौतुकही झाले, परंतु वही चौथ्या पानापुढे सरकलेली नाही. असे का होते?

उत्तर १: कौतुक आधीच पदरात पडले, हेच कारण असावे. मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, ज्यांच्या हेतूची इतरांनी दखल घेतली होती, त्या विद्यार्थ्यांनी प्रत्यक्ष कामाला कमी वेळ दिला.

उत्तर २: म्हणून तोंडाला कुलूपच लावावे असे नाही (माझ्याने तर ते होणारही नाही). गोलविट्झर यांनीच मांडलेला उपाय म्हणजे कृती वेळेला आणि जागेला बांधणे: ‘रात्री ओटा आवरला की तिथेच पाच ओळी.’

प्रश्नकर्ता: बोरू ओट्याजवळच्या फळीवर ठेवला आहे. काल तीनच ओळी झाल्या.